राणीच्या शालीचा काठ

माझं नाव तरीबा. राणीसाहेबांच्या शाली मी विणते, मीच शिवते, आणि त्यात एक धागा जरी वाकडा गेला तरी दोष माझाच. राणी नवीरतुम चौदा वर्षांची असताना डोंगराकडच्या माहेराहून इथे, पुरत्तू नदीकडच्या या गावात नांदायला आली, तेव्हा तिच्या बापाने पाठराखीण म्हणून मला बरोबर धाडलं. पाठराखीण हा आपला बोलायचा शब्द. खरं सांगायचं तर बापाने मला बाजारात विकत घेतलं होतं, आणि लेकीला तांब्याच्या कढया दिल्या तशीच मलाही दिली. त्याला आता सोळा वर्षं झाली. चारचौघांत मी तिला बाईसाहेब म्हणते. दार लागलं की बाय म्हणते, आणि राग आला की तोंडाला येईल ते म्हणते.

महाराज लढाईला गेले की सगळं राज्य तिच्या डोक्यावर येतं. कुठल्या पाटाला पाणी सोडायचं, कुणाचं भांडण आधी ऐकायचं, बर्फघरातला बर्फ पाहुण्यांना किती द्यायचा, सगळं तीच बघते. देवीचे कोणते बोल महाराजांच्या कानावर घालायचे आणि कोणते नाही, हेही तीच ठरवते. हे शेवटचं काम फार जिकिरीचं, कारण आमच्या गावात एक दिवसाआड कुणाच्या ना कुणाच्या अंगात येतं. गेल्या हिवाळ्यात एका न्हाव्याच्या अंगात आलं आणि देवीने म्हणे त्याच्या मेहुण्याला हद्दपार करायला सांगितलं. ते बोल राणीने गावाबाहेर जाऊच दिले नाहीत.

ही गोष्ट वसंतातली. अन्नुनीतुम देवीच्या देवळात मेंढ्याचा बळी होता. भर दुपार, गर्दी, मांसाचा आणि तेलाचा वास. राणी पुढे उभी, मी तिच्या मागे, आणि पार मागे भिंतीला चिकटून दळणघरातल्या बाया. त्यांच्यात हजाला होती, दिवसभर पाट्यावर जव दळणारी विशीतली पोर. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. ती एकाएकी थरथरायला लागली, धाडकन खाली पडली आणि अंगावरचे कपडे टराटरा फाडायला लागली. तिच्या तोंडून निघालेला आवाज तिचा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

"माझ्या लेकराला सांगा, नदी ओलांडू नको," तो आवाज म्हणाला. "पाणी वाटेत आहे."

असं तीनदा. मग ती निपचित पडली.

देवीचं लेकरू म्हणजे महाराज, हे सगळ्या देवळाला कळलं. महाराजांची छावणी नदीच्या वरच्या अंगाला, तीन दिवसांच्या वाटेवर होती. चार दिवसांनी फौज नावांत बसून पलीकडे उतरणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

कारभारी इप्कूने नाक मुरडलं. "आता पीठ दळणाऱ्या पोरी महाराजांना लढाई शिकवणार का?"

"इप्कू," राणी म्हणाली, "देवीला तुझ्या तोंडून बोलायचं असतं तर तुझ्याकडे आली असती की ती. तिला ही पोर बरी वाटली, त्याला मी काय करू?"

मागच्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. राणी मात्र हसली नाही. ती हजालाजवळ गेली, गुडघ्यावर बसली, आणि आपल्या खांद्यावरची शाल काढून तिने त्या उघड्यावाघड्या पोरीला घातली. नुसत्या अंतरवस्त्रावर राणी भर देवळात उभी राहिली! मी धावत जाऊन माझं पांघरूण तिला दिलं, तर म्हणाली, "राहू दे गं. मी पत्र सांगायला लेखनिकाकडे जाते. तू तिचे केस आणि काठ काढून दे."

ही आमची रीतच आहे. देवीचे बोल राजाकडे जातात तेव्हा बोलणाऱ्या माणसाच्या केसांची बट आणि त्याच्या कपड्याच्या काठाची एक पट्टी सोबत जाते. माणूस कशाला न्यायचा? काठ म्हणजेच माणूस. तिकडे भविष्य बघणारा तो काठ समोर ठेवतो, कोकराचं काळीज बघतो, आणि बोल खरा की खोटा ते सांगतो. खोटा निघाला तर बोलणाऱ्याचं डोकं भादरून त्याला वेशीबाहेर काढतात.

आता माझी चूक सांगते. मला हजालाला बाजूच्या खोलीत न्यायला लागलं. खोलीत एक पणती. पुजारी आणि त्याचा मदतनीस पोरीचे कपडे फाटलेले म्हणून भिंतीकडे तोंड करून उभे. म्हणजे बघणारे डोळे फक्त माझे, आणि माझे डोळे दोन वर्षांपासून गेल्यात जमा होते. सगळीकडे धुकं दिसायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मला लोकर निवडायच्या कोठीत बसवलं असतं, तिथे म्हाताऱ्या आंधळ्या बाया मरेपर्यंत काडीकचरा वेचत बसतात. मी म्हणत होते, माझी बोटं बघतात तेवढं पुरे आहे. भारी टेंभा होता मला माझ्या बोटांचा.

मी तिची बट कापली. हाताला जी शाल लागली तिचा काठ चाचपला. वीण जाड लागली, दशा भरगच्च लागल्या. राणीने तिला आपली शाल घातलीय, हे घाईत माझ्या डोक्यातून पार निघून गेलं होतं. दळणाऱ्या पोरीकडे इतकी चांगली लोकर कुठून आली, असं एकदा मनात आलंही. पण पुजारी पाठमोराच ओरडला, "झालं का गं तरीबाई?" आणि मी सुरी चालवली. केस आणि काठ पिशवीत गेले, पिशवीच्या तोंडाला माती लागली, मातीवर शिक्का उठला. यकीम नावाचा जासूद खेचरावर बसून निघूनही गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी राणीच्या दालनात सुया निवडत बसले होते. हजाला दारात येऊन उभी राहिली.

"तरीमावशी, बाईसाहेबांची शाल आणलीय. धुऊन, वाळवून आणली."

"ठेव तिथे."

ती जाईना.

"आता काय पाय धुऊ का तुझे?"

"नाही, म्हटलं, काठ तेवढा तुम्ही कापलात, तो परत लावायचा असेल ना," ती चाचरत म्हणाली. "माझ्या कपड्याचा नाही कापलात. मला वाटलं, राणीसाहेबांनी पांघरूण घातलं म्हणून तशीच रीत असेल. मी कशी बोलणार मोठ्या माणसांपुढे?"

मी शाल ओढून घेतली. काठावरून बोट फिरवत गेले. सात पट्टे, लाल, निळा, लाल, निळा, मीच विणलेले, राणीच्या लग्नात तिच्या खांद्यावर मीच घातलेले. हा काठ सगळ्या गावाला ओळखीचा, आणि महाराजांनी तर लग्नाच्या दिवशी तो हातात धरून तिला घरात आणलेलं. बोट फिरत गेलं आणि एका कोपऱ्यात काठ संपला. पुढे नुसते सुटे धागे.

मी पुन्हा एकदा तोच कोपरा चाचपला.

बायकोच्या शालीचा काठ आमच्याकडे एकाच कामासाठी कापतात. संसार मोडायला. नवऱ्याला बायको नको झाली की तो चार वडीलधाऱ्यांसमोर सुरी घेतो, काठ कापतो, आणि ती बाई माहेरच्या वाटेला लागते. बायकोने स्वतःच काठ कापून नवऱ्याकडे धाडला, तर त्याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. आणि हा काठ महाराजांच्या हातात भरल्या छावणीत पडणार, सगळ्या सरदारांदेखत. सरदार तर टपूनच बसले होते. राणीची दोन्ही लेकरं पाळण्यातच गेली, तेव्हापासून हे लोक महाराजांच्या कानाशी लागले होते की पलीकडच्या राजाची मुलगी करा. महाराजांनी ऐकलं नव्हतं. आता त्यांना बोलायला आयतंच निमित्त मी पुरवलं होतं. माझ्या बायला मी माझ्या हातांनी घराबाहेर काढलं होतं.

"मावशी, तुम्ही रडताय?" हजाला म्हणाली.

"नाही, नाचतेय! जा, राणीसाहेबांना बोलावून आण. म्हणावं तरीबा मेली."

राणी धावत आली. मला जिवंत बघून आधी तिचा जीव भांड्यात पडला, मग ती चिडली. मी तिच्या हातात शालीचा तो कोपरा दिला आणि सगळं सांगितलं. डोळ्यांचंही सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. बोलताना मी तिच्याच वस्त्राचा काठ घट्ट धरला होता, हे मला नंतर कळलं.

ती माझ्याजवळ खाली बसली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला डोळे नसल्याचं खरोखर दुःख झालं.

"डोळ्यांचं मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"दोन वर्षं झाली. तुझ्या सुया सकाळी ओवलेल्या असतात त्या कोण ओवून ठेवतं? भूत?"

"मला वाटलं, पोरी ठेवतात."

"पोरी कशाला ठेवतील? तू त्यांना दिवसभर शिव्या देतेस." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "चूक माझी आहे, तरीबा. मला ठाऊक होतं, तरी मी तुला त्या अंधाऱ्या खोलीत एकटीला धाडलं. सांगितलं असतं तर तुला लाज वाटली असती म्हणून गप्प राहिले."

मी तिला म्हटलं, चूक कुणाची ते पुढच्या जन्मी ठरवू, आधी कारभाऱ्याला बोलाव.

इप्कू आला. त्याने ऐकलं आणि त्याचं डोकं लगेच चाललं. तो वाईट माणूस नव्हे, पण आधी भिंत सावरायची आणि मग आत कोण आहे ते बघायचं, असा त्याचा स्वभाव.

"सोपं आहे," तो म्हणाला. "महाराजांना लिहायचं की या पोरीने शाल चोरली. चोरलेल्या शालीचा काठ कापला गेला. राणीसाहेबांचा काही संबंध नाही. झालं!"

हजाला दारातच उभी होती.

"आणि हिचं काय होईल?" राणीने विचारलं.

"हिचं काय व्हायचं ते होईल. राणी राहायला पाहिजे, दळणाऱ्या ढीगभर मिळतात."

"मी राणी आहे ती अशा गोष्टी लिहायला नाही," ती म्हणाली. अशा वेळी ती आवाज चढवत नाही, उलट उतरवते. "आणि चोरी म्हटलं की देवीचा बोलही खोटा पडला. महाराज नदीत उतरतील. अवीलला बोलाव. ओली माती घेऊन ये म्हणावं."

लेखनिक अवील आला. ती सांगत गेली आणि तो मातीच्या पाटीवर टोचत गेला. ते पत्र मला शब्द न शब्द पाठ आहे. "महाराजांना सांग, तुमची नवीरतुम असं म्हणते. पोर उघडी पडली होती, मी तिला माझी शाल घातली. चुकून माझा काठ कापला गेला. मी तुम्हाला सोडलेलं नाही. पोरीचा खरा काठ आता धाडते आहे. तिचा बोल माझ्या काठावर पारखला गेला असेल तरी चालेल, तो बोल मी माझ्या डोक्यावर घेते. खोटा निघाला तर वेशीबाहेर मला काढा. पण नदीत उतरू नका."

"तेवढं माझ्या डोळ्यांचं लिही," मी म्हटलं.

"ते आपल्या घरातलं आहे," ती म्हणाली.

दुसरा जासूद निघाला खरा, पण उपयोग काय? यकीम त्याच दिवशी छावणीत पोचत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फौज नदी ओलांडणार होती. आमचं पत्र पोचायला आणखी तीन दिवस. म्हणजे एकतर महाराज कापलेला काठ बघून संतापाने नदीत उतरणार, नाहीतर काठ बघून राणीला टाकणार, नाहीतर दोन्ही. मी हिशेब करकरून दमले. राणी मात्र कामं करत राहिली. कुठल्याशा गावच्या मेंढपाळांचं भांडण तिने मिटवलं. महाराजांना तळलेले टोळ आवडतात म्हणून दोन मडकी भरून बांधायला सांगितली. आचारीण मला हळूच म्हणाली, "नवऱ्याने टाकलं तर हे टोळ कोण खाणार गं?" मी तिला लाटणं फेकून मारलं. लागलं नाही, दिसत नव्हतं म्हणून.

सातव्या दिवशी नदी चढली. दुपारी धक्क्यावरचे लोक ओरडत आले. पाणी तांबडं झालं होतं, झाडं मुळासकट वाहत येत होती. राणी धक्क्यावर गेली. मी तिचा हात धरून गेले. तिथे गेल्या गेल्या तिने माणसं वाटून दिली, अर्धी बांधावर, अर्धी खालच्या वस्तीत, म्हाताऱ्याकोताऱ्यांना देवळात हलवा म्हणाली. मग कुणीतरी म्हणालं, "त्या बघा नावा."

मला दिसल्या नाहीत. मला फक्त तिची बोटं माझ्या हातात रुतलेली कळली.

"किती आहेत?" मी विचारलं.

"पुष्कळ. उलट्या. तुटलेल्या." ती एक पाऊल पुढे सरकली. "आपल्याच आहेत, तरीबा. त्यांच्या टोकांना फौजेची खूण आहे."

"माणसं?"

"माणूस एकही दिसत नाही."

ते चांगलं की वाईट, कोण सांगणार? ती अंधार पडेपर्यंत तिथेच उभी राहिली, आणि मध्ये एकदा अगदी माझ्या कानाशी म्हणाली, "त्याने मला टाकलं असलं तरी चालेल गं. हाकलून दे म्हणाला तरी जाईन. पण तो असू दे." सोळा वर्षांत महाराजांना 'तो' म्हणताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. मी तिला जवळ घेतलं. राणीला भर धक्क्यावर जवळ घ्यायचं नसतं, पण माझ्या डोक्यात तेव्हा रीतभात काही उरली नव्हती.

नवव्या दिवशी यकीम आला. खेचर फेसाळलेलं, तोही चिखलाने भरलेला. राणीने विचारलं, "आहेत?" तो म्हणाला, "आहेत." मी तिथल्या तिथे देवीला हात जोडले. त्याने पत्राची पाटी अवीलच्या हातात दिली. इप्कू ऐकायला पुढे सरसावला. अवीलने पाटीवरचं मातीचं पाकीट फोडलं, पहिल्या दोन ओळी मनात वाचल्या आणि तो घुटमळला.

"बाईसाहेब, हे जरा... एकांतात वाचू का?"

"इप्कू, तू बाहेर जा," राणी म्हणाली.

"आणि तरीबाई?"

"ती कुठे जाणार? वाच तू."

अवील हळू आवाजात वाचायला लागला. "नवीरतुमला सांग, तुझा नवरा असं म्हणतो. यकीमने पिशवी दिली तेव्हा सगळे सरदार बसले होते. मी पिशवी फोडली आणि तुझा काठ हातात आला. सोबत कुणाचं पत्र होतं, कुणाचे केस होते, मी ऐकलं नाही. मी सगळ्यांना बाहेर जा म्हणालो. नावा तयार होत्या. सेनापती तीनदा येऊन गेला. मी तीन दिवस तंबूत बसून राहिलो. मला वाटत होतं, लेकरं गेली तेव्हा मी लढाईवर होतो, त्याचा राग तू आज काढलास. आणि तो राग बरोबर आहे, असंही मला वाटत होतं."

राणीचा हुंदका मला ऐकू आला. अवील थांबला. "वाच," ती म्हणाली.

"तिसऱ्या दिवशी नदीने सगळ्या नावा नेल्या. नावांत एकही माणूस नव्हता. मग तुझं दुसरं पत्र आलं. आता इथे सगळे म्हणतात, महाराज देवीच्या बोलावर थांबले. तूही चारचौघांत तसंच म्हण. त्या पोरीच्या खऱ्या काठावर पारख झाली, बोल खरा निघाला. पण मी कशाने थांबलो ते तुला ठाऊक असू दे. तुझा काठ सरदारांनी पाहिला होता. ते म्हणायला लागले, राणीचा काठ कापला गेला म्हणजे संसार मोडला. म्हणून मी सुरी घेतली आणि त्यांच्यासमोर माझ्याही शालीचा काठ कापला. म्हटलं, आता दोघांचेही कापले गेले. कुणी कुणाला सोडलं ते ठरवा, आणि ठरलं की मला सांगा. मी परत येतो आहे."

अवीलचं वाचून झालं. राणी हसत होती की रडत होती, मला कळेना, बहुतेक दोन्ही. मी मात्र धाय मोकलून रडले, उगाच खोटं कशाला बोलू. माझे डोळे गेले होते, पण त्यातलं पाणी काही कुठे गेलं नव्हतं.

इप्कूला आत बोलावलं आणि हवं तेवढंच सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. "दोघांचेही काठ कापले? बाईसाहेब, मग कायद्याने दोन्हीकडून मोडलंय. महाराज वेशीत येतील तेव्हा राजवाड्यात राणीच नसेल! पुन्हा लग्न लावावं लागेल."

"लावा की," राणी म्हणाली. "तीस वर्षांची नवरी चालते ना कायद्याला?"

"वय चालतं. पण नवऱ्या मुलीची आई लागते. दोघांच्या काठांना गाठ आईच मारते. तुमच्या मातोश्री तर..."

"वारल्या. माझ्या पाचव्या वर्षी." राणी माझ्याकडे वळली, हे मला तिच्या आवाजावरून कळलं. "तरीबा, वेशीत आई म्हणून उभी राहशील?"

"शहाणीच आहेस," मी म्हटलं. "मी राणीच्या आईच्या जागी? लोक हसतील."

"बाईसाहेब, ती विकत घेतलेली दासी आहे," इप्कू म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, त्याला नुसती कायद्याची काळजी. "दासीने मारलेली गाठ धरत नाहीत."

"मग आज तिच्या कपाळाला तेल लाव आणि मोकळी झाली म्हणून लिहून टाक."

"मोकळी होऊन मी जाऊ कुठे?" मी ओरडले. "या वयात मला घराबाहेर काढतेस होय?"

"घराबाहेर कुठे गं?" तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "सोळा वर्षं तू माझी आई आहेस. हे लेखी नव्हतं, एवढंच. आता नाही म्हणू नकोस."

मी नाही म्हटलं नाही.

पाच दिवसांनी महाराज आले. वेशीत सगळं गाव लोटलं होतं. दळणघरातल्या बायाही होत्या. राणीने हजालाला राजवाड्यात वरचं काम देऊ केलं होतं, तर ती म्हणाली, मला माझा पाटाच बरा, फक्त सकाळी येऊन तरीमावशींच्या सुया ओवून देत जाईन. मला हजालानेच नवं वस्त्र नेसवलं आणि हाताला धरून पुढे नेऊन उभं केलं. माझ्या कपाळावर अजून तेलाचा वास होता.

महाराज रथातून उतरले. दोघं जवळ येऊन उभी राहिली. मी हात पुढे केला आणि दोन्ही शाली हाताला लागल्या. दोन्हींचे कोपरे कापलेले, नुसते धागे लोंबत होते. असल्या सुट्या धाग्यांना गाठ मारणं कठीण, काठ असता तर सोपं गेलं असतं. दोनदा गाठ सुटली.

"जरा हलू नका हो महाराज," मी म्हटलं. माझ्या तोंडून निघून गेलं.

मग ते थोडे खाली वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सासूबाई, घट्ट मारा."

मी घट्ट मारली.